मुक्कामी गाडी आणि ऑनर्सची चार वर्षे

सकाळी साडेसात ते नऊ या वेळात जालन्याच्या बसस्थानकावर थोडा वेळ उभे राहावे. मंठा, घनसावंगी, बदनापूर, जाफराबादकडच्या लाल गाड्या एकामागून एक आत शिरतात आणि त्यांतून पाठीवर सॅक टाकलेली मुले-मुली उतरतात. कुणाच्या हातात डब्याची पिशवी असते, कुणी उतरता उतरता पास खिशात ठेवत असतो. संध्याकाळी हेच चित्र उलटे फिरते. गावाकडची शेवटची गाडी, जी रात्री गावातच मुक्कामी राहते, ती चुकली तर त्या रात्री नातेवाइकांचे दार वाजवावे लागते. या दोन वेळांमध्ये जे तास सापडतात, त्यांत तासिका, प्रात्यक्षिके आणि ग्रंथालय बसवायचे. बाकीचे सगळे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो), एनसीसी, युवक महोत्सवाच्या तालमी, वादविवाद, भित्तिपत्रक, विज्ञान मंडळ, उरलेल्या वेळात. आणि वेळ सहसा उरत नाही.

म्हणूनच जालना जिल्ह्यात 'कॅम्पस लाइफ' हा शब्द उच्चारला की पुष्कळांना तो वसतिगृहात राहणाऱ्या, शहरातल्या मुलांचा वाटतो. माझे मत वेगळे आहे. ऑनर्सची पदवी घेऊ पाहणाऱ्या खेड्यातल्या विद्यार्थ्याला या 'बाकीच्या सगळ्या'ची गरज शहरी विद्यार्थ्यापेक्षा जास्त आहे, आणि नव्या पदवीच्या रचनेत त्यासाठी चक्क जागा ठेवलेली आहे. ती जागा नेमकी कुठे आहे, हे पुष्कळ विद्यार्थ्यांना ठाऊक नसते.

आधी पदवीचे गणित. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त महाविद्यालये, तर २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालये नव्या रचनेत आली. जालना जिल्ह्यातली पारंपरिक महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. जालन्याचे जेईएस, बारवाले, अंबडचे मत्स्योदरी, परतूरचे लालबहादूर शास्त्री, भोकरदनचे मोरेश्वर, जाफराबादचे सिद्धार्थ ही त्यांतली काही नावे. या रचनेत तीन वर्षे पुरी करून नेहमीची पदवी घेऊन बाहेर पडता येते. चौथे वर्ष केले तर ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण असतील आणि विभागात मार्गदर्शक व सोयी असतील, तर चौथे वर्ष संशोधनासह करता येते आणि त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक, चार वर्षांच्या पदवीला किमान १६०. २०२४ साली संलग्न महाविद्यालयात प्रथम वर्षाला बसलेला विद्यार्थी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात पोहोचेल. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत आज कुणीही 'ऑनर्सचा सिनिअर' नाही. वाट विचारायला पुढे गेलेले कुणी नाही, हे या पिढीचे विशेष ओझे आहे.

आता श्रेयांक म्हणजे काय? सत्रभरात पंधरा तास शिकवणे झाले की तासिकेचा एक श्रेयांक होतो. प्रात्यक्षिकाला किंवा कृतीला त्याच एका श्रेयांकासाठी तीस तास लागतात. राज्याच्या आराखड्यात पहिल्या दोन वर्षांत 'सहअभ्यासक्रम' या नावाने आठ श्रेयांक आहेत, साधारण प्रत्येक सत्राला दोन. त्यात रासेयो, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक उपक्रम, योग असे पर्याय येतात. त्याशिवाय क्षेत्रीय प्रकल्प, समाज सहभाग कार्यक्रम आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, ज्याला सगळे 'ओजेटी' म्हणतात, त्यांचे वेगळे श्रेयांक. दोन श्रेयांक म्हणजे साठ तास. पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला चार तास. पूर्वी जे 'हौस' या खात्यात जमा होत असे, ते आता गुणपत्रिकेवर आहे. 'त्या नाटकाच्या नादाने अभ्यास बुडतो' असे घरात कुणी म्हणाले, तर विद्यार्थ्याने त्यांना हा हिशेब दाखवावा.

पण इथेच एक धोका आहे आणि तो मला फार जवळचा वाटतो. श्रेयांक आला की अर्ज आला, अर्ज आला की सही आली, आणि सही आली की काम झाले असे समजण्याची सवय लागते. वृक्षारोपणाच्या फोटोत उभे राहून साठ तास भरता येतात. ज्याला तेवढेच हवे आहे त्याच्यासाठी हा लेख नाही.

मन घालून केलेल्या सहभागाने काय फरक पडतो, हे तपासले ते अलेक्झांडर ॲस्टिन या अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञाने. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या शाखेत त्यांनी दीर्घकाळ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. १९७५ साली त्यांनी पदवी अर्धवट सोडणाऱ्यांविषयी मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. कोण टिकते आणि कोण गळते, हा प्रश्न होता. वसतिगृहात राहणारे, एखाद्या मंडळात किंवा खेळात असणारे आणि महाविद्यालयाच्या आवारातच अर्धवेळ काम करणारे विद्यार्थी जास्त टिकत होते. बाहेर पूर्णवेळ नोकरी करून शिकणारे जास्त गळत होते. यावरून १९८४ साली त्यांनी एक साधा सिद्धांत मांडला: विद्यार्थी शिकण्यात शरीराने आणि मनाने जितकी शक्ती घालतो, तितके त्याच्या पदरात पडते, आणि ही शक्ती मोजायची तर त्याचा वेळ कुठे जातो ते पाहावे. प्राध्यापक किती विद्वान आहेत, इमारत किती मोठी आहे, हे त्यानंतर.

गाडीने ये-जा करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यासाठी यात एक कठीण गोष्ट आहे आणि एक आशेची. कठीण ही, की रोज ये-जा करणे हे स्वतःच गळतीचे कारण ठरू शकते. आशेची ही, की आवारातले एक मंडळ किंवा एक काम त्या अंतराची काही भरपाई करते. आपल्याकडे हे अमेरिकेच्या आधी एका माणसाने ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था १९१९ साली सुरू केली आणि १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय उघडले. तिथे विद्यार्थी आवारातच श्रम करून शिकत होते. आज विद्यापीठांच्या 'कमवा व शिका' योजनेखाली ग्रंथालयात, प्रयोगशाळेत किंवा बागेत काही तास काम करून मानधन मिळते, ते त्याच परंपरेतले. ऑनर्सच्या विद्यार्थ्याने, शक्य असेल तर, हे काम ग्रंथालयातच मागावे असे मला मनापासून वाटते. पुस्तके परत कपाटात लावताना जे विषय नजरेखालून जातात, ते कुठल्याही अभ्यासक्रमात एकत्र येत नाहीत.

मराठवाड्याला महाविद्यालयाच्या आवाराचे मोल शिकवायला परदेशी सिद्धांत लागत नाही. जालना निजामाच्या राज्यात होते. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि त्याचे माध्यम उर्दू ठेवले गेले. पदवीसाठी आपल्याकडच्या मुलांना घरापासून शेकडो किलोमीटर दूर जावे लागे. १९३८ मध्ये वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हट्ट धरला, तेव्हा शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकले गेले. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये, डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) मिलिंद महाविद्यालय उभे केले. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक विद्यार्थ्यांनी खुद्द बाबासाहेबांसमोर सादर केले होते. ज्या मुलांच्या आधीच्या पिढीला शाळेचे दार बंद होते, ती मुले रंगमंचावर स्वतःचा इतिहास बोलत होती. त्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाला केवळ करमणूक कोण म्हणेल? मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर, २३ ऑगस्ट १९५८ ला सुरू झाले.

आता प्रत्यक्ष काय निवडावे याकडे येतो. सगळ्यांत जास्त विस्ताराने मी रासेयोविषयी लिहिणार आहे, कारण जालन्यासारख्या जिल्ह्यात ऑनर्सच्या विद्यार्थ्यासाठी याहून सुपीक जागा मला दिसत नाही. राष्ट्रीय सेवा योजना महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचे चाक आहे. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तासांचे नियमित काम करायचे असते आणि एक सात दिवसांचे विशेष निवासी शिबिर. सहअभ्यासक्रमाच्या आठ श्रेयांकांचे तासही तेवढेच, २४० भरतात.

सात दिवसांचे शिबिर दत्तक गावात होते. शाळेच्या खोल्यांत सतरंज्या टाकून मुक्काम, सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक आणि रात्री गावकऱ्यांसमोर कार्यक्रम. आपल्या भागात श्रमदान म्हणजे बहुधा वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडे शिवायची आणि पावसाळा संपता संपता वाहत्या ओढ्यात त्या एकावर एक रचायच्या. खर्च जवळजवळ शून्य, आणि मागे पाणी थांबते. १९७२ चा दुष्काळ आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या आणि २०१२-१३ चा स्वतः पाहिलेल्या जिल्ह्यात या कामाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

पण ऑनर्सच्या विद्यार्थ्याने तिथे गोण्या भरतानाच प्रश्न विचारायला सुरुवात करावी. बंधारा घातल्यावर खालच्या अंगाच्या विहिरींत किती फरक पडला? किती दिवस? समजा, मंठा तालुक्यातली एक मुलगी भूगोल घेऊन शिकते आहे. पहिल्या वर्षी ती शिबिराला गेली. तिने गावातल्या दहा विहिरी निवडल्या आणि दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी वहीत लिहून घेतली. दुसऱ्या वर्षी तेच गाव, त्याच विहिरी, तोच महिना. तिच्या क्षेत्रीय प्रकल्पाचे आणि समाज सहभागाचे श्रेयांक यातच बसतात. तिसऱ्या वर्षी तिच्याकडे तीन पावसाळ्यांच्या नोंदी असतील. चौथ्या वर्षी, जेव्हा बाकीचे प्रकल्पासाठी विषय शोधत असतील, तेव्हा हिच्याजवळ असे काही असेल जे कुठल्याही पुस्तकात नाही. तुलनेसाठी तिला दूर जायला नको. जालना तालुक्यातले कडवंची हे गाव पाणलोट विकास, शेततळी आणि द्राक्षबागांसाठी राज्यभर ओळखले जाते आणि खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्रही जालन्याजवळच आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे: दहा उपक्रमांची प्रमाणपत्रे जमवण्यापेक्षा एक उपक्रम चार वर्षे न सोडता धरावा, आणि तो आपल्या मुख्य विषयाला भिडेपर्यंत धरावा.

हेच नाटकालाही लागू. विद्यापीठाचा केंद्रीय युवक महोत्सव हा मराठवाड्यातल्या मुलांचा खरा उत्सव. एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय, पोवाडा, भारूड, लोकगीत, वक्तृत्व, वादविवाद, रांगोळी, व्यंगचित्र, मातीकाम. इथे निवड झालेले संघ पुढे राज्याच्या 'इंद्रधनुष्य' आंतरविद्यापीठीय महोत्सवापर्यंत जातात. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आणि त्यांच्या सोबत्यांचा 'जिगीषा' हा गट औरंगाबादेतल्या तरुणपणीच्या नाटकवेडातूनच उभा राहिला आणि पुढे एकत्रच मुंबईच्या रंगभूमीवर गेला. मराठीच्या विद्यार्थ्याने भारूड नुसते सादर करू नये. जालना जिल्ह्यात जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव आहे, खेड्याखेड्यांत भजनी मंडळे आहेत, गोंधळी आहेत. महोत्सवासाठी ज्या म्हाताऱ्या कलावंताकडून चाल शिकलो, त्याच्याकडून उरलेल्या पन्नास रचना ध्वनिमुद्रित करून घेणे हा प्रकल्प आहे. हे आत्ताच करायला हवे, कारण त्या रचना बहुधा कुठे लिहिलेल्या नाहीत.

संशोधनाची आवड असलेल्यांसाठी 'आविष्कार' आहे. राज्यपालांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने सुरू झालेली ही आंतरविद्यापीठीय संशोधन स्पर्धा. महाविद्यालय, जिल्हा, विद्यापीठ असे टप्पे ओलांडत राज्यापर्यंत जाते. भाषा व मानव्यविद्या, वाणिज्य, विज्ञान, शेती, अभियांत्रिकी, वैद्यक असे गट आहेत आणि पदवीच्या विद्यार्थ्यांचा स्तर वेगळा आहे. पदव्युत्तरच्या मुलांशी झुंजावे लागत नाही. पोस्टरसमोर उभे राहून परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देणे ही संशोधनासह ऑनर्सची उत्तम पूर्वतयारी आहे. विषयही हाताशी आहेत. वाणिज्यच्या विद्यार्थ्याला जालना बाजार समितीतला रेशीम कोषांचा बाजार किंवा मोसंबीची आवक आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला औद्योगिक वसाहतीतल्या पोलाद कारखान्यांची भट्टीतली मळी आहे. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला बियाण्यांचा अख्खा उद्योग आहे: बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको उभी केली आणि १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. ओजेटीचे तास याच उद्योगांत भरता येतात. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचीही २०१८ पासून जालन्यात शाखा आहे. तिथली व्याख्याने, खुले कार्यक्रम यांवर इतर महाविद्यालयांतल्या विज्ञानाच्या मुलांनी लक्ष ठेवायला हवे. दुसऱ्या संस्थेच्या फाटकातून आत जायला आपली मुले उगाच बिचकतात.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी भोकरदन आहे. केळणा नदीकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावाचे नाव आहे. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. गुप्ते यांनी त्याचा वृत्तांत लिहिला. उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीतल्या पाँपेई शहराच्या अवशेषांत १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य आहे, आणि त्यामुळे पाँपेईची मूर्ती भोकरदनकडच्याच कारागिरांची असावी असे काही अभ्यासक मानतात. जाफराबादहून जालन्याला येणारा मुलगा रोज याच मुलखातून प्रवास करतो. महाविद्यालयात इतिहास मंडळ नसेल तर पाच जणांनी मिळून प्राचार्यांना अर्ज द्यावा. मंडळ स्थापायला फारसे काही लागत नाही. एक प्राध्यापक, एक खोली आणि दर शनिवारी तासभर पुरतो.

एनसीसीविषयी थोडक्यात. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेल्या या दलात 'बी' आणि 'सी' प्रमाणपत्र मिळते. सैन्य किंवा पोलीस दलाकडे जायचे असेल तर प्रथम वर्षाच्या सुरुवातीलाच नाव घालावे. 'सी' प्रमाणपत्राला तीन वर्षे लागतात, उशिरा आलेल्याला ती मिळत नाहीत. विद्यार्थी परिषदेचे चित्र मात्र धूसर आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका थांबल्या आणि वर्गात पहिला येणारा वर्गप्रतिनिधी झाला. क्रीडा, सांस्कृतिक, रासेयो, एनसीसी यांतून एकेक प्रतिनिधी घेतला जाई. २०१६ च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली. ऑनर्सच्या हुशार विद्यार्थ्याने यात पडू नये, असा सल्ला वडीलधारे देतात. मला तो पटत नाही. ग्रंथालय संध्याकाळी सहापर्यंत उघडे हवे, हे प्राचार्यांसमोर मांडायला कुणीतरी हुशार विद्यार्थीच लागतो.

आता पुन्हा गाडीकडे. तालीम चारला सुरू होते आणि गाडी सव्वापाचला आहे, ही अडचण खरी आहे. यावर काही गोष्टी करता येतात. आठवड्याचे चार तास शनिवारी एकत्र मागता येतात. कार्यक्रम अधिकाऱ्यांना पहिल्याच बैठकीत आपल्या गाडीची वेळ सांगावी. संकोचाने गप्प राहणारी मुले दुसऱ्या महिन्यात गळतात. एकाच मार्गावरच्या चौघा-पाचांनी एकाच मंडळात जावे, म्हणजे उशीर झाला तरी सोबत असते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे पासाच्या बाहेरच्या मार्गावर, एखाद्या रविवारी भोकरदनला किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाणे मुलींना पूर्वीपेक्षा परवडते. जालना ते छत्रपती संभाजीनगर अंतर साधारण साठ किलोमीटर आहे आणि रेल्वेही आहे.

मुलींच्या बाबतीत गाडीपेक्षा मोठा प्रश्न घरच्या परवानगीचा असतो. सात दिवस मुक्कामाचे शिबिर म्हटले की आई गप्प होते आणि वडील 'बघू' म्हणतात. अशा वेळी मुलीने एकटीने घरी वाद घालत बसू नये. शिबिरासोबत असणाऱ्या प्राध्यापक मॅडमना फोनवर आईशी बोलायला सांगावे. शिबिराचे गाव, राहण्याची खोली आणि सोबतच्या मुलींची नावे घरी आधी कळवावीत. शिबिर संपण्याच्या दिवशी आई-वडिलांना त्या गावात बोलवावे. एकदा त्यांनी बंधाऱ्यामागे थांबलेले पाणी डोळ्यांनी पाहिले, की पुढच्या वर्षी धाकटीचे नाव घालायला कुणी अडवत नाही.

आणि गुण? संशोधनासह ऑनर्ससाठी ७५ टक्क्यांची अट आहे, ती विसरून चालणार नाही. सत्राच्या शेवटच्या तीन आठवड्यांत कुठलीही तालीम घेऊ नये, हे संघातल्या सगळ्यांनी आधीच ठरवावे. पण वर्षभर फक्त नोट्स पाठ करून ७५ टक्के मिळवलेला विद्यार्थी चौथ्या वर्षी मार्गदर्शकासमोर बसतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, 'तुला कशावर काम करायचंय?' मंठ्याच्या त्या मुलीला याचे उत्तर शोधावे लागणार नाही. ती सॅकमधून एक वही काढेल. पहिल्या पानावर दहा विहिरींची नावे, मालकांची नावे, आणि तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातल्या एका सकाळचे आकडे असतील.